नऊ खड्ड्यांची गल्ली

जॅकवर चढवलेल्या निळ्या गाडीखाली उताण्या पडलेल्या उस्तादला वरचे चेहरे दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त पाय. शिंपीकाकांचा उजवा अंगठा चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. बेकरीवाल्याच्या पिठाने पांढरट झालेल्या सपाता एकमेकींना खेटून अवघडल्या होत्या. उस्ताद बाई होती; तिच्या थोरल्या भावाचे, दादाचे, जाड तळव्यांचे बूट जमिनीत रोवल्यासारखे स्थिर होते. आणि या सगळ्यांसमोर, सकाळी पॉलिश केलेले पण गल्लीत शिरताच धुळीने माखलेले दोन बूट उत्तराची वाट पाहत उभे होते. ते पालिकेच्या इंजिनिअरचे होते.

“पुन्हा विचारतो,” ते बूट म्हणाले. “गल्ली तीनशे चाळीस मीटर. शेवटी भिंत. पलीकडं जायला वाट नाही. तरी आमच्या यादीत दिवसाला शंभरावर फेऱ्या दिसतात. या गाड्या जातात कुठं?”

इंजिनाखाली ठेवलेल्या थाळीत तेलाचा एक थेंब पडला. त्या शांततेत तोही कुणीतरी काहीतरी कबूल केल्यासारखा वाजला.

“बेकरी आहे ना, साहेब,” अखेर दादा बोलला. “गाड्या येतात, पाव घेतात, भिंतीपाशी वळतात, जातात.”

“शंभर गाड्या?”

“पाव चांगला असतो,” बेकरीवाला पुटपुटला. इतक्या चोरट्या आवाजात त्याने आपल्या पावाची तारीफ आजवर कधी केली नव्हती.

“माझ्याकडंही येतातच की,” शिंपीकाका मदतीला धावले. “एकदा मापं द्यायला, मग मापं चुकली म्हणून, आणि तिसऱ्यांदा भांडायला. एका गिऱ्हाइकामागं तीन फेऱ्या धरा.”

इंजिनिअर हसला नाही. “ठीक आहे. आधी गल्ली मोजतो, मग पाहणीचा शेरा लिहितो. शेरा आज गेला तर महिनाभरात डांबर पडेल.” आणि लांब दांड्याचे मोजणीचे चाक टकटक करत रस्त्याकडे निघून गेले.

गाडीखाली उस्तादने हातातला पाना छातीवर ठेवला. गाड्या कुठे जातात हे तिला पक्के ठाऊक होते. त्यांतल्या बहुतेक ती स्वतःच चालवत होती.

उस्ताद हे मूळचे तिच्या वडिलांचे बिरुद. ते गेल्यावर गॅरेजची किल्ली, पान्यांची पेटी आणि हे नाव या तिन्ही गोष्टी तिच्याकडे आल्या, आणि चाळिशीच्या या बाईला उस्ताद म्हणताना आता कुणाचीही जीभ अडखळत नव्हती. हात तिचे चांगले होतेच. पण नाव झाले होते कानाचे. गाडीच्या पोटात कुठेतरी, कधीतरी, मालकालाच ऐकू येणारा आणि मेकॅनिकसमोर हटकून मूग गिळून बसणारा जो आवाज असतो, तो आवाज ती धरून दाखवी. शहरातले निम्मे मेकॅनिक हात टेकले की गाडी घेऊन तिच्याकडे येत. ती गाडीत बसे, काचा वर करी, आणि गल्लीतून भिंतीपर्यंत जाऊन परत येई. तीन फेऱ्या, कधी पाच. मग उतरून खडूने चाकावर एक खूण करी आणि सांगे, “हे उघडा.”

या विद्येचे अर्धे श्रेय गल्लीचे होते. गल्लीत नऊ खड्डे होते, आणि वडिलांनी त्यांना माणसांसारखी नावे ठेवली होती. गॅरेजच्या दाराशीच दोन समान खळगे होते, त्या जुळ्या. त्यांच्यावरून गाडी गेली की सांध्यातला सैल झालेला रबरी बुश बोलू लागे. पुढे सासूबाई: वरून सपाट, आत गेल्यावर कळे किती खोल, शॉकॲब्सॉर्बरचा कस तिथे लागे. भिंतीपाशी वळणावर ठाण मांडून बसलेला जावई स्टिअरिंगची नाडी पाही. आणि बेकरीसमोर होती विहीर. पुढच्या चाकाच्या गोल सांध्याची, बॉल जॉइंटची, झीज पहिल्या पायरीवर असताना तिचा उच्चार करवून घेणारा दुसरा खड्डा साऱ्या शहरात नव्हता. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या निरोगी असतात, असे वडील म्हणत.

दोन वर्षांपूर्वी किलोमीटर-कर आला. प्रत्येक गाडीच्या काचेमागे काड्यापेटीएवढी डबी बसली; गाडी किती धावली आणि कोणत्या रस्त्यावर धावली ते ती मोजू लागली. जो जितके धावेल तितका कर, आणि ज्या रस्त्यावर जास्त चाके त्या रस्त्याला आधी डांबर. हिशेब सरळ होता. उस्तादलाही तो पटला होता. पण डबीला हे कळत नव्हते की एकच बाई एकाच गल्लीत दिवसभर खड्डे वाजवत हिंडते आहे. डबीच्या लेखी ती वाहतूक होती. म्हणून वॉर्डातल्या लहान रस्त्यांच्या यादीत, बाजारपेठेला मागे टाकून, ही भिंतीला जाऊन धडकणारी गल्ली पहिल्या क्रमांकावर बसली होती.

“बाहेर ये,” दादा म्हणाला. शिंपीकाका आणि बेकरीवाला आपापल्या दारांत परतले होते. “तुझं मौन फार छान चाललंय. असंच चालू दे.”

ती फळीवरून सरकत बाहेर आली, उठून बसली. “दादा, तू चक्क खोटं बोललास.”

“मी पावाबद्दल बोललो. त्यात खोटं काय?”

“त्या माणसाला वाटतंय ही गल्ली वाहती आहे.”

“वाटू दे की! डबी माझ्यापण गाडीत आहे. दिवसभर पार्सलं वाटत हिंडतो मी. वॉर्डात सगळ्यात जास्त किलोमीटर कोण भरत असेल तर मी. दोन वर्षं भरतोय. माझ्या दारात एक खडी पडलेली नाही. आज पहिल्यांदा डांबर आपणहून दारात चालत येतंय, आणि तू त्याला वाट विचारत बसणार?”

“डांबर दुसऱ्या कुणाच्या तरी दारातून उचलून येतंय.”

“येऊ दे.” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “पोरीचे दात बघितलेस ना तू?”

बघितले होते. दोन महिन्यांपूर्वी अकरा वर्षांची भाची सायकलवरून विहिरीत गेली आणि समोरचे दोन दात तिथेच ठेवून आली. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरत असे. त्या दिवशी उस्तादनेच तिला उचलले होते. ओंजळीत रक्ताने माखलेला एक दात होता, दुसरा सापडलाच नव्हता.

“गेल्या वर्षी ठिगळं लावणारी माणसं आली होती,” दादा म्हणाला. “खडी, डांबर, सगळं घेऊन. त्यांना चहा पाजून परत कुणी पाठवलं?”

तिने मान वर केली. हे त्याला ठाऊक असेल असे तिला वाटले नव्हते.

“बेकरीवाल्यानं सांगितलं. ‘आमच्याकडं घाई नाही, आधी पलीकडचं करा,’ असं म्हणालीस म्हणे. तुला घाई नव्हती. तुझ्या कानाला खड्डा हवा होता. मी आजवर शब्द काढला नाही, कारण तू माझी बहीण आहेस. पण आज तोंड उघडलंस तर समजेन, तुझ्या कानापेक्षा माझ्या पोरीचे दात स्वस्त.”

तो गेला. पार्सलांनी भरलेली त्याची गाडी जुळ्यांवरून गेली तेव्हा डाव्या मागच्या बाजूने एक बारीक कुरकुर आली, आणि इतक्या वेदनेतही उस्तादच्या मनात आपोआप नोंद झाली: बुश, आणखी दीड महिना.

ती बराच वेळ पान्यावरचे ग्रीस पुसत राहिली. बोलावे तर ते आपल्याच फायद्याचे. गप्प बसावे तर त्यात साऱ्या गल्लीचे भले. सत्य सहसा महाग असते, म्हणून त्याचा मान. पण हे तिच्या पदरात फुकट पडणारे सत्य होते. ते बोलल्याबद्दल कुणी तिला शाबासकी देणार नव्हते. अशा सत्याकडे माणसाने कोणत्या तोंडाने पाहावे?

मग तिची नजर मागच्या भिंतीवरच्या फळीकडे गेली.

फळीवर तुटलेले सुटे भाग मांडलेले होते. हीही वडिलांची रीत. गाडीतून निघालेला प्रत्येक मोडका तुकडा भंगारात टाकण्याआधी ती हातात घेऊन निरखे, आणि तो कोणत्या रस्त्याने मोडला ते खडूने त्यावर लिही. आतल्या अंगाने झिजलेला बुश म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, जिथे गाड्या एका कुशीवर कलंडून चालतात. तिरका चिरलेला रबर म्हणजे बाजारातले गतिरोधक. रस्त्यांची हस्ताक्षरे वेगवेगळी असत आणि ती तिला वाचता येत. एकेकाळी या फळीवर ‘उतार’ असे लिहिलेले पंधरा-पंधरा तुकडे एका वेळी असत. जुन्या पुलाचा उतार: अरुंद, वळणाचा, दगड उघडे पडलेला; त्याच्या पायथ्याशी दवाखाना. आज फळीवर उताराचा एकच तुकडा होता, आणि तोही धूळ खात पडलेला.

उतार सुधारला नव्हता. तिकडून आता कुणी जातच नव्हते.

ती उठली. निळी गाडी जॅकवरून उतरवली, आणि दारात उभी राहून तिने हाक मारली, “साहेब! मोजून झालं असेल तर बसा. तुमच्या शंभर गाड्या कुठं जातात ते दाखवते.”

इंजिनिअर चाक खांद्याला लावून आला. जवळून तो वाटला त्याहून तरुण होता, आणि थकलेला. “मला बेकरीचं कारण पटलं नव्हतंच,” पट्टा लावत तो म्हणाला.

“पाव मात्र खरंच चांगला असतो.”

तिने काचा वर केल्या. जुळ्या, सासूबाई, विहीर, भिंतीपाशी जावई, आणि परत. प्रत्येक खड्ड्याशी ती एखाद्या पाहुण्याची घरच्यांशी ओळख करून द्यावी तसे नाव सांगत होती. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, “आता ऐका. उजवं पुढचं.” गाडी विहिरीत उतरली आणि वर आली. कुठेतरी खोल, एखाद्याने जिभेने टाळूवर टक् करावे तसा आवाज झाला.

“आला?”

“आला,” तो चकित होऊन म्हणाला.

“ही एक गाडी झाली. आणखी दोन फेऱ्या मारीन. अशा दिवसाला दहा-बारा गाड्या, वर बाहेरचे मेकॅनिक स्वतः येऊन मारतात त्या वेगळ्या. गल्ली वाहती नाही, साहेब. तुमच्या डबीनं मोजली ती मी आहे.”

त्याने खिशातले यादीचे यंत्र काढून मांडीवर ठेवले. “म्हणजे खड्डे आहेत म्हणून फेऱ्या आहेत. आणि फेऱ्या आहेत म्हणून आम्ही खड्डे बुजवायला निघालो.”

“आणि बुजवलेत की फेऱ्या बंद. पुढच्या वर्षी यादीत ही गल्ली शेवटी असेल. तुमचे वरचे विचारतील, इतकी वाहतूक गेली कुठं.”

आता तो हसला. पण लगेच सावध झाला. “रस्ता झाला तर नुकसान तुमचं आहे. मग तुमच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवू?”

“तितकाच ठेवा, जितका बेकरीवाल्यावर ठेवलात. आणखी एक जागा दाखवते. तिथं माझा काही फायदा नाही. झालाच तर तोटा आहे.”

जुन्या पुलापाशी तिने वेग कमी केला. उताराच्या तोंडाशी कुणीतरी दोन रिकामी पिंपे ठेवली होती. सरकारी नव्हेत, लोकांनीच ठेवलेली. त्यांच्यामधून तिने गाडी खाली घातली. पहिल्याच दगडावर निळी गाडी कण्हली. खड्डे इथे सुटे उरलेच नव्हते. एकमेकांत मिसळून रस्त्याचेच रूप घेऊन बसले होते. उजव्या हाताला एक माणूस म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी घेऊन दगड चुकवत दवाखान्याकडे उतरत होता. त्याची गाडी वर पिंपांपाशी उभी होती. तिच्या काचेमागची डबी शांत होती.

इंजिनिअरने मांडीवरचे यंत्र उघडून बोट फिरवले. “इथं दिवसाला सात फेऱ्या. यादीत शेवटून दुसरा.”

“चार वर्षांपूर्वी शंभरेक असतील. आता सगळे वळसा घालून जातात. तीन किलोमीटर जाताना, तीन येताना. त्या वळशाचा कर तुम्ही घेता आणि वळशाच्या रस्त्याला डांबर टाकता. तो बिचारा आधीच धडधाकट आहे.”

“म्हणजे रस्ता पार गेला की यादीतूनही जातो.”

“माझ्या फळीवरूनही गेला. बरी झालेली गाडी आणि भंगारात गेलेली गाडी, दोन्ही माझ्याकडं यायच्या थांबतात. फरक ओळखायचा तर चौकशी करावी लागते.”

परत आल्यावर तिने त्याला फळी दाखवली. तो प्रत्येक तुकडा हातात घेऊन खडूची अक्षरे वाचत होता. एका वहीत त्याने चार-पाच रस्ते उतरवून घेतले. मग बोनेटवरच कागद ठेवून शेरा लिहिला. लिहून झाल्यावर, रीत नसताना, तो तिला वाचायला दिला. फेऱ्या गॅरेजच्या चाचणीच्या. गल्ली प्रथम क्रमांकास अपात्र. जुन्या पुलाचा उतार आकडेवारीबाहेरील कारणाने तातडीने घ्यावा. अक्षर सुबक होते.

“उतार महिनाभरात सुरू होईल,” तो म्हणाला. “तुमच्या गल्लीचं मात्र पाच-सहा वर्षं काही सांगता येत नाही. लोक तुम्हाला बोलतील.”

“बोलतील. गल्लीत आवाज ओळखायलाच तर बसलेय मी.”

तो गेल्यावर बातमी गल्लीभर व्हायला पाव भाजण्याइतकाही वेळ लागला नाही. शिंपीकाका दारातूनच ओरडले, “उस्ताद, माझ्या तीन फेऱ्या तरी शेऱ्यात धरल्या की नाही?” त्यांचा राग असा विनोदाच्या अस्तरात शिवलेला असे. बेकरीवाला मात्र ट्रे घेऊन समोरून गेला आणि त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तिला ते ऐकू आले.

निळ्या गाडीचा बॉल जॉइंट तिने बदलला. नवा बसवल्यावर पुन्हा गल्लीतून नेली. विहिरीत आवाज नव्हता. गाडी बाजूला लावून तिने मागच्या खोलीतून सिमेंटचे अर्धे पोते काढले, वाळू चाळली, खडी मिसळली. दोन बादल्या, एक थापी, एक फावडे. दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत, ती बेकरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि विहीर साफ करू लागली. आतली माती उपसताना तिच्या बोटांना काहीतरी टोचले. बारीक खडा असेल म्हणून तिने तो टाकायला उचलला, आणि थबकली. पुसून, पांढरा होईपर्यंत पुसून, तिने तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

चाळीस वर्षे वडिलांनी आणि तिने या एका खळग्यावर कान घडवला होता. उद्यापासून बॉल जॉइंटची पहिली झीज तिला दुसऱ्या कशावर तरी ऐकायला शिकावी लागणार होती. सासूबाईंकडून आडवळणाने जाऊन कदाचित जमेल. चाक थोडे वळते ठेवून, ब्रेकवर हलका पाय. जमेल. जमवू. कान काही खड्ड्यात नव्हता. फावड्याने तिने पहिला घास विहिरीत टाकला. मिश्रण जड होते आणि आवाज न करता खाली बसले.

दादाची गाडी आली तेव्हा ती थापीने वरचा थर सारखा करत होती. तो उतरला. बातमी त्याला वाटेतच कळली होती. चालण्यावरूनच तिला समजले. तो जवळ येऊन उभा राहिला आणि ओल्या, करड्या चौकोनाकडे पाहत राहिला. पाहता पाहता त्याचे खांदे थोडे खाली आले.

“हे आधी करता आलं असतं,” तो म्हणाला.

“हो.”

“दोन महिने आधी. वर्षभर आधी.”

“हो, दादा.”

तिने खिशातून ते काढून त्याच्या तळहातावर ठेवले. ओळखायला त्याला क्षणभर लागला. मग मूठ मिटली आणि ती मिटलेलीच ठेवली.

“उताराचं काम महिनाभरात सुरू होणार आहे,” ती म्हणाली. “तुझा रोजचा वळसा वाचेल. दोन खेपांचे बारा किलोमीटर.”

“मला किलोमीटर सांगू नकोस. किलोमीटर मला पाठ आहेत.” मुठीकडे पाहत तो पुन्हा बोलला तेव्हा आवाजात राग उरला नव्हता; म्हणूनच तो चुकवता येण्यासारखा नव्हता. “पोरगी आत आहे, ऐकत नाहीये. शिंपीकाका दारात नाहीत. आपण दोघंच आहोत. एवढंच सांग. त्या साहेबासमोर बोललीस ते पुलाच्या उतारासाठी, की या उरलेल्या आठांसाठी?”

उस्तादने थापी बादलीत टाकली. ओल्या सिमेंटवर कुणाचे चाक जाऊ नये म्हणून बेकरीसमोरचे रिकामे खोके उचलून त्याच्या कडेला उभे केले, हलत नाही ना ते पाहिले. मग दोन्ही बादल्या एका हातात घेतल्या आणि गॅरेजच्या दिशेने चालू लागली. दारात एक पांढरी गाडी बोनेट उघडून थांबली होती.